येतं, पण करतो का?

निवासाच्या बाई साडेनऊला येणार होत्या आणि आठ वाजल्यापासूनच घरातल्या चौघांनी आपापल्या जागा धरल्या होत्या. आई खिडकीपाशी, प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवून. धाकटा दाराशी, उभाच. त्याची बायको ओट्यापाशी, सगळ्यांकडे पाठ करून अंडी सोलत. आणि थोरली लेक न्हाणीघराच्या उंबऱ्यात उभी राहून टॉवेल डाव्या खुंटीवर आहे ना, साबण उजव्या कोनाड्यात आहे ना, हे तिसऱ्यांदा पाहत होती.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो मधला भाऊ, बापू, आतल्या खोलीत पलंगावर बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होता. वय एक्केचाळीस, अंगाने दार भरून जाईल असा. स्वमग्न, त्यात बुद्धीची वाढही कमी, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले त्यालाही पस्तीस वर्षं उलटली होती. बोलणं मोजकं. विचारलेल्या प्रश्नाचा शेवटचा शब्द परत द्यायचा, हेच बहुतेक वेळा त्याचं उत्तर.

आईचा हात मोडला तो त्याचा स्वेटर काढताना. रोजच्यासारखा तिने दोन्ही हातांनी वर ओढला, रोजच्यासारखा तो एक पाऊल मागे सरकला, पण तिच्या पंचाहत्तरीच्या पायांनी रोजच्यासारखी साथ दिली नाही. पडता पडता तिने हात टेकला आणि मनगट गेलं. त्याच संध्याकाळी धाकट्याने थोरलीला फोन लावला. वडील गेल्यापासून त्या दोघांत जेवढ्यास तेवढंच बोलणं होतं. "तू सुटलीस, मी अडकलो," असं तो तेव्हा चारचौघांत बोलून गेला होता, आणि थोरलीने ते मनातून काढलं नव्हतं.

"ताई, बापूसारख्यांच्या त्या निवासात त्याचं नाव घातलं होतं ना चार वर्षांपूर्वी, तिथे एक जागा रिकामी झालीये. बाराच जण असतात, घरासारखं आहे. पण ते माणूस बघून घेतात. अंघोळ, कपडे, जेवण, संडास, ज्याचं त्याला करता आलं पाहिजे. तोंडाने एकदा आठवण केली तर चालते. हात लावावा लागला तर नाही."

"बापूला सगळं येतं," थोरली म्हणाली.

"यायचं," तो म्हणाला.

इस्पितळाच्या धुलाईघरात थोरलीच्या हाताखाली चौदा बायका होत्या. काम त्यांच्यावर सोपवून, अठरा दिवसांची रजा टाकून ती आली. पिशवी खाली ठेवते तोच तिला दिसलं, की आई डाव्या हाताने बापूला भरवतेय. पावाचा तुकडा, अंड्याचा तुकडा, पाण्याचा घोट.

"आई, हा स्वतःच्या हाताने जेवायचा."

"सांडतो."

"सांडू दे की."

"पुसायचं कोणी? तू येणार आहेस का रोज फडकं घेऊन?"

तिने आईच्या हातातून ताटली घेतली आणि बापूच्या हातात चमचा दिला. तो चमच्याकडे बघत राहिला, ओळखीचा माणूस पुष्कळ वर्षांनी भेटावा तसा.

त्याला शिकवण्याचा विडा तिने विसाव्या वर्षी उचलला होता. बापू तेव्हा पंधराचा. शाळेने हात टेकले होते, वडील दिवसभर कामावर, आई धाकट्याच्या मागे. थोरलीने त्याच्या दिवसातलं एकेक काम घेतलं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे पाडले. शर्टाच्या बटणांना आठ महिने लागले. अंघोळीचे तुकडे नऊ. पहिला पक्का झाल्याशिवाय तिने दुसरा घेतला नाही. दाढीला दोन वर्षं, रस्ता ओलांडायला तीन. तिच्या मैत्रिणींची लग्नं झाली, मुलं शाळेत गेली, आणि ही बापूला पावाला लोणी लावायला शिकवत होती. पण सव्विसाव्या वर्षी बापू एकटा बसने खोक्यांच्या कारखान्यात जाऊ लागला. दिवसाला दोनशे खोकी दुमडायचा, येताना पाव घेऊन यायचा, आणि शेजारीपाजारी तोंडात बोट घालायचे.

मग तिच्या तेहतिसाव्या वर्षी, हिचं आता काय होणार असं म्हणायचंही लोकांनी सोडून दिलं होतं तेव्हा, तिचं लग्न ठरलं. नवरा दूरच्या शहरातला, शांत माणूस. ती गेली. त्यानंतरच्या तेरा वर्षांत कारखाना बंद पडला, वडील वारले, आणि बापूच्या हातातलं एकेक काम आईच्या हातात गेलं.

या अठरा दिवसांत थोरलीने ते परत ओढून आणलं. पहिले चार दिवस पालथ्या घड्यावर पाणी. पाचव्या दिवशी त्याने मोज्याचं तोंड आपणहून रुंद केलं. नवव्या दिवशी बटणं आली, बाराव्या दिवशी अख्खी अंघोळ, पंचवीस मिनिटांत, थोरली नुसती दारात. धाकटा संध्याकाळी फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातून येई आणि बूटही न काढता विचारी, "आज काय केलं पठ्ठ्याने?" बहीणभावात इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं अठरा दिवसांत बोलून झालं. आई खिडकीतून बाहेर बघत राहायची. एकदाच म्हणाली, "दोघं मिळून त्याला घालवायला निघालात, तर निदान हसू तरी नका."

साडेनऊला बाई आल्या. चाळिशीच्या असतील. पायात साधे बूट, काखेत पुठ्ठ्याची फाईल. दिलेली खुर्ची सोडून त्या आईसमोरच्या स्टुलावर बसल्या.

"रोज त्याच्यासोबत कोण असतं?"

"मी," आई म्हणाली.

"मग मी तुम्हालाच विचारते, आजी. अंघोळ स्वतः करतो?"

"नाही."

"त्याला येते," थोरली म्हणाली. "पूर्ण येते."

"येते का ते आपण बघूच. मी आत्ता विचारतेय, करतो का?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "या कागदात येण्याला रकाना नाही. करण्याला आहे."

"घालावी लागते," आई म्हणाली.

"पाठ, डोकं, की सगळीच?"

"सगळी."

"कपडे?"

"मी घालते."

"जेवण?"

"भरवते."

"आई," धाकटा दारातून म्हणाला, "सरळ सांग ना. गेले अठरा दिवस कोण जेवतंय स्वतःच्या हाताने?"

"सरळच सांगतेय. तुला वाकडं ऐकायचंय, त्याला मी काय करू?"

थोरलीच्या मनात आलं, ही ठरवून खोटं बोलतेय. मुलगा हातचा जाईल म्हणून त्याचं केलेलं सगळं मातीत घालतेय. तिने बाईंना म्हटलं, "तुम्ही डोळ्यांनी बघा. मग लिहा काय लिहायचं ते."

बाईंनी मान हलवली. "अख्खी अंघोळ नको. शर्ट काढून तोंड, मान, हात धुऊन दुसरा शर्ट घालू दे."

"बापू, ये."

बापू आला. कोणाकडे न बघता न्हाणीघरात गेला. थोरली उंबऱ्यात उभी राहिली. त्याने पहिलं बटण काढलं, दुसरं काढलं, शर्ट खुंटीला लावला. नळ सोडला, हात ओले केले, साबण घेतला, जागच्या जागी ठेवला. कानामागे घासलं. मान पुसली. दुसरा शर्ट घातला, खालच्या बटणापासून वर आला, एकही घर चुकलं नाही. धाकट्याने आईकडे असं पाहिलं, की थोरलीलाच ते बघवलं नाही.

"छान," बाई म्हणाल्या. "आता हेच परत. तुम्ही मात्र बाहेर थांबा."

"का? मी एक शब्द बोलले नाही."

"तुम्ही 'हं' म्हणता."

"कधी?"

"प्रत्येक वेळी. एक काम झालं की 'हं', मग तो पुढचं करतो. मी मोजले. एकवीस वेळा म्हणालात."

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ओट्यापाशी नळ बंद झाला आणि धाकट्याची बायको, इतका वेळ जिने तोंड उघडलं नव्हतं ती, म्हणाली, "म्हणता, ताई. झोपेतसुद्धा म्हणता."

थोरली बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली. दार नीट लागलं नव्हतं. बोटभर फटीतून न्हाणीघराचा उंबरा आणि बापूची पाठ दिसत होती.

"बापू, तोंड धुवा," बाईंचा आवाज आला.

"धुवा," बापू म्हणाला.

आणि तो उभा राहिला. हात पहिल्या बटणापाशी गेला, तिथेच थांबला. मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. खालच्या मजल्यावर कोणी तरी सायकल आत घेतली. थोरलीने दोन्ही ओठ दातांखाली धरले. तिच्या घशात ते अक्षर आलं होतं, आणि ते नाकातून तरी बाहेर पडेल या भीतीने तिने श्वास कोंडून धरला.

बापूने मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग त्याने खोलीभर पाहिलं, आणि आई दिसली तशी तिच्याकडे वळून, एक्केचाळीस वर्षांच्या त्या एवढ्या मोठ्या माणसाने, सावकाश दोन्ही हात डोक्यावर उभे केले. आता शर्ट काढ, म्हणून.

बाईंनी कागदावर काही लिहिलं. आई उशी बाजूला करून उठली, त्याच्यासमोर गेली आणि प्लास्टरचा हात पोटाशी धरून डाव्या हाताने त्याची बटणं काढू लागली. तिला कोणी अडवलं नाही.

बाईंनी फाईल मिटली तेव्हा थोरली आत आली होती.

"आमच्याकडे नाही जमणार," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतं सांगायला. त्याला कामं येतात, सुरुवात येत नाही. आमच्याकडे बारा जणांत दोन मदतनीस आहेत. रोज सकाळी ते एकाच्याच मागे उभे राहिले तर बाकीचे अकरा काय करतील?"

"शिकेल तो," थोरली म्हणाली. "मला आणखी महिनाभर द्या."

"तुम्ही नाही शिकवू शकत हे. रागावू नका. फार चांगलं शिकवलंय तुम्ही, मी इतकं नीटनेटकं क्वचित बघते. पण तुमचा आवाज त्या प्रत्येक कामात शिवला गेलाय. तो उसवावा लागेल, आणि ते दुसऱ्या कोणी तरी करायचं. न बोलता, नुसतं थांबून. तुम्ही घरात असेपर्यंत तो तुमचीच वाट बघणार." उठता उठता त्यांनी धाकट्याला एक पत्ता लिहून दिला. "हे मोठं वसतिगृह आहे. शंभरेक जण असतात. तिथे सगळं हाताने करून देतात. जागा लगेच मिळेल."

त्या गेल्या. बापू पलंगावर जाऊन पुन्हा गुडघा वाजवू लागला. मग थोरलीच्या तोंडून जे इतके दिवस दाबून ठेवलं होतं ते निघालं.

"तेरा वर्षं घातली मी त्याच्यावर. माझं वय घातलं. आणि तू तेरा वर्षांत त्याचं तान्हं बाळ करून ठेवलंस."

"बोल," आई म्हणाली. "बोलून घे."

"तुला सवड नव्हती, एवढंच. थांबायला नको म्हणून हात घातलास. शर्टाला त्याला दहा मिनिटं लागायची, तुला एक लागायचं."

"मी त्याची आई आहे, मास्तरीण नाही."

"तीच तर बोंब आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणून थोरली थांबली.

"तू गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी," आई म्हणाली, "हा न्हाणीघरात गेला आणि पहिलं बटण धरून उभा राहिला. सातला गेला होता. दुपारी दोन वाजले. तुझ्या बाबांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. रक्त आलं. मग मी ते बटण काढलं. हात लावल्याबरोबर गप्प झाला. रोज मी शर्ट घालून द्यायची आणि मग तो कारखान्यात जायचा. तुला त्यातलं काय माहीत?"

"मला कळवायचं नाही का?"

"मी फोन उचलला होता तुला लावायला. तुझे बाबा म्हणाले, नको. आठ दिवस नाही झाले लग्नाला, ती तशीच उठून येईल, आणि आली की परत जाणार नाही. म्हणून मूग गिळून बसलो दोघंही." आईने प्लास्टरवरून डावा हात फिरवला. "तू त्याला बटणं शिकवलीस. तुझ्यावाचून ती काढायला नाही शिकवलंस. आणि आता मला विचारतेस."

थोरली खाली बसली. लग्न होईपर्यंत लोकांनी तिला त्यागमूर्ती म्हटलं होतं, आणि वरवर तिने ते कितीही झटकलं असलं तरी आतून ते तिने जपून ठेवलं होतं. आपल्याला असं कोणी तरी हवं होतं का, की ज्याचं आपल्याशिवाय पान हलणार नाही? याचं उत्तर तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं हेच तिला जास्त लागलं.

"झालं ते झालं," धाकटा म्हणाला. त्याच्या हातात तो पत्त्याचा कागद होता. "आता पुढचं बघायला हवं."

"पाठव," आई म्हणाली.

"काय?"

"पाठव त्याला त्या शंभर जणांत. मला आता हात राहिला नाही."

वर्षानुवर्षं हेच मागणारा धाकटा कागद हातात घेऊन नुसता उभा राहिला. त्याने थोरलीकडे पाहिलं, ती खालीच बसून होती. मग त्याने बायकोकडे पाहिलं, कदाचित सवयीने.

ती फडक्याला हात पुसत वळली. "भाऊजींना तिथे नाही पाठवायचं."

"मग करणार कोण? तू?"

"अंघोळ मी घालणार नाही. लग्नाआधीच सांगितलं होतं, आजही तेच सांगते. त्यांच्या अंगाला मी हात लावणार नाही." ती नवऱ्याशी बोलत होती, पण बघत होती सासूकडे. "पण त्या बाई म्हणाल्या ना, न बोलता नुसतं थांबायचं. ते मला जमेल. अकरा वर्षं या घरात मी दुसरं काय केलंय?"

धाकट्याने पत्त्याचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"पण मी थांबेन त्या वेळात आईंनी खोलीबाहेर यायचं नाही. काही झालं तरी. आणि ताई, तुम्ही उद्याच्या गाडीने जा."

"त्याला सांगून जाऊ ना?" थोरलीने विचारलं. चौदा बायकांवर देखरेख करणारी ती, धाकट्या भावजयीला परवानगी मागत होती, आणि दोघींनाही ते कळलं.

"सांगितलंत तर वाट बघत बसतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने खात असताना थोरली मागच्या जिन्याने उतरली. चमचा ताटलीवर वाजत होता. तो आवाज तिला दुसऱ्या मजल्यापर्यंत आला, मग आला नाही.

निवासातली ती जागा त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणाला मिळाली. धाकट्याने पत्त्याचा कागद टाकला नाही, पण वरही काढला नाही. दर रविवारी त्याची बायको थोरलीला फोन करायची आणि हवापाणी न विचारता बोलायची. पहिल्या आठवड्यात, "भाऊजी अकरापर्यंत उभे होते." दुसऱ्यात, "डोकं आपटलं. मी मधे उशी धरली, हात नाही लावला. आई आतून दार वाजवत होत्या." तिसऱ्यात, "आई माझ्याशी बोलत नाहीत." चौथ्यात, "आमचे हे दोन दिवस घरी आले नाहीत, दुकानातच राहिले. बघवत नाही म्हणाले." नंतरचे चार रविवार नुसतं, "काही नाही."

नवव्या आठवड्यात फोन बुधवारी आला. धुलाईघरात यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून थोरली मागच्या अंगणात गेली.

"आज त्यांनी आपणहून नळ सोडला," भावजय म्हणाली. "तोंड धुतलं. शर्ट सगळा भिजला, पण नंतर स्वतः काढला. घरात कोणी काही बोललं नव्हतं."

थोरली भिंतीला टेकली. "आईने पाहिलं?"

"दाराच्या फटीतून. मग जेवल्या नाहीत."

"माझं नाव काढतो का?"

गोड बोलून वेळ मारून नेणं भावजयीच्या स्वभावात नव्हतं. "पहिला महिना काढायचे. रोज संध्याकाळी, ताई, ताई. आता नाही."

"बरं."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"नाही, बरं झालं." थोरलीने पदराने गळ्याचा घाम पुसला. "या महिन्यात दोन दिवस येऊन जाऊ का? लांबूनच बघेन."

"आत्ता नका येऊ, ताई."

"मग कधी येऊ?"

"ते मला नाही सांगता येत."

ती आत आली. लांब टेबलावर ओल्या चादरींचा ढीग पडला होता आणि नवी लागलेली मुलगी एकटीच एका चादरीशी झटत होती. थोरलीने समोरची दोन टोकं धरली.

"घरी सगळं बरं आहे ना?" मुलीने विचारलं.

"बरं आहे. माझा भाऊ आता आपलं आपण तोंड धुतो."

मुलगी पुढचं ऐकायला थांबली. पुढे काही आलं नाही, तेव्हा लहान भाऊ असेल असं समजून ती हसली, आणि दोघींनी चादर ताणून धरली.